हुशार मुलांची वही कुणी बघायची?

"हुशार मुलांना काय शिकवायचं, ती शिकतातच की" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर वाद घालायचं सोडून दिलंय. शाळेतले सहकारी म्हणतात, नातेवाईक म्हणतात, त्या मुलांचे आईवडील पण म्हणतात, फक्त ते पुढे जोडतात की मॅडम तुम्ही जरा टार्गेट तेवढं लावून द्या. टार्गेट म्हणजे स्कॉलरशिपला जिल्ह्यात पहिल्या दहात, मग होमी भाभा विज्ञान स्पर्धेत गोल्ड, मग ऑलिम्पियाड, मग जेईई, सगळी स्टेशनं आधीच ठरलेली आणि माझं काम म्हणजे गाडी वेळेवर सोडणं.

मी सांगलीत हायस्कूलला गणित शिकवते. रविवारी सकाळी काही मुलांना वेगळं घेऊन बसते, पाचवी ते नववीतली, फी नाही, पोर्शन नाही, परीक्षा नाही. ज्ञानप्रबोधिनीसारखी संस्था, जी 1962 पासून हेच काम करतेय, ती प्रत्येक गावात नसते ना. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष प्रतिभा असलेल्या मुलांबद्दल चांगलं लिहिलंय, वाचलंय मी, पण वर्गात साठ पोरं समोर असताना त्यातल्या दोघांना वेगळं काय द्यायचं हा प्रश्न धोरणाने सुटत नाही, तो माझ्यासारखीला रविवारी सोडवत बसावा लागतो.

तर या मुलांची अडचण काय असते? बाहेरून बघितलं तर काहीच नाही. गणित दोन मिनिटात होतं, उरलेला तास खिडकीतून बाहेर बघायचं नाहीतर बाई सांगतात म्हणून शेजारच्याला समजावून सांगायचं. पाचवी-सहावीपर्यंत त्यांना एकदाही खरं अडायला झालेलं नसतं. अडणं म्हणजे काय, अडल्यावर छातीत कसं होतं, मग उठून पाणी पिऊन परत बसायचं की वही फेकून द्यायची, यातलं काहीच त्यांना माहीत नसतं. आणि मग आठवी-नववीत पहिल्यांदा काहीतरी येत नाही, तेव्हा त्या पोराला वाटतं आपली हुशारी संपली. मी हे अतिशय सिरियसली सांगतेय, मुलं हे असं बोलून दाखवतात. "मॅडम, मी पूर्वी हुशार होतो."

आपल्या परीक्षा पण याला मदत करतात. स्कॉलरशिपचा एक पेपर घ्या, 75 प्रश्न, दीड तास. भागून बघा, एका प्रश्नाला 72 सेकंद. या वेगावर आपण मुलांना वर्षभर पळवतो, आणि ज्यांना जमतं त्यांना हुशार म्हणतो. आता त्याच मुलाने पुढे गणिताच्या ऑलिम्पियाडचा रस्ता धरला तर पहिल्या टप्प्याला, आयओक्यूएमला, तीन तासात 30 प्रश्न, म्हणजे सहा मिनिटांना एक. तिथून पुढे आरएमओ, म्हणजे विभागीय फेरी, तिथे तीन तासात फक्त 6 प्रश्न आणि नुसतं उत्तर चालत नाही, सिद्धता लिहायची. अर्धा तास एका प्रश्नाला! 72 सेकंदांवर वाढलेलं पोर अर्धा तास एकाच प्रश्नाकडे बघत बसणार कसं? त्याला चौथ्या मिनिटाला घाम फुटतो.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, आठवीतला. वडील कुपवाड एमआयडीसीत इंजिनिअर, माणूस अगदी सज्जन, पोरासाठी जीव टाकणारा. त्यांनी घरी एक एक्सेल शीट केलेली. रोजचं टार्गेट, झालं की हिरवं, राहिलं की लाल, आठवड्याचा टक्का खाली आपोआप येणार, आणि महिन्याच्या शेवटी त्याची प्रिंट फ्रिजवर. मला दाखवायला लॅपटॉप घेऊन आले होते. पाच महिन्यांचं शीट जवळपास सगळं हिरवं. मी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, अरे एवढं सगळं होतं तुझं? तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, जे होणार आहे तेच टार्गेट मी पप्पांना सांगतो ना."

बघा, पोर किती हुशार आहे. त्याने सिस्टीम ओळखली आणि सिस्टीमला जे पाहिजे ते दिलं. पाच महिन्यात त्याने असं एकही काम घेतलं नव्हतं जे त्याला आधीच येत नव्हतं.

यावर एक जुना प्रयोग आहे, 1998 सालचा, क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा, अमेरिकेत. पाचवीतल्या मुलांना कोडी दिली, झाल्यावर काहींना सांगितलं तू हुशार आहेस, काहींना सांगितलं तू कष्ट घेतलेस. एवढाच फरक, एका वाक्याचा. पुढे काय घ्यायचं विचारलं तर हुशार म्हटलेली मुलं आपली हुशारी दिसेल असंच सोपं काम मागायला लागली, मग मुद्दाम अवघड कोडी दिल्यावर त्यांचा नंतरचा निकालही घसरला. या प्रयोगातला अजून एक भाग मात्र लोक सांगत नाहीत आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी निनावी चिठ्ठीवर स्वतःचे मार्क लिहायला सांगितले, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी दहातल्या जवळपास चार मुलांनी ते वाढवून लिहिले. निनावी चिठ्ठीवर! कुणी ओळखणार नव्हतं, कुणी ओरडणार नव्हतं. मग घरच्या फ्रिजवर लावायच्या कागदावर आपली मुलं काय लिहीत असतील, विचार करा.

म्हणून आमच्याकडे एक साधी दोनशे पानी वही असते आणि ती पालकांनी बघायची नाही. हे सांगितलं की निम्मे पालक अस्वस्थ होतात. वहीत डाव्या पानावर लिहायचं की मी काय करायचं ठरवलंय आणि उजव्या पानावर लिहायचं कुठे अडलं. बस. तारीख टाकायची, अक्षर कसंही चालेल, चित्र काढलं तरी चालेल. मी रविवारी एकेकाला घेऊन दहा मिनिटं बसते आणि डावं पान फारसं बघतच नाही. उजवं पान बघते. उजवं पान लागोपाठ दोन आठवडे कोरं राहिलं तर मी समजते की डाव्या पानावरचं काम त्या पोराच्या मानाने छोटं आहे, मग आम्ही दोघं मिळून ते मोठं करतो. शाबासकी उजव्या पानाला. सुरुवातीला मुलांना हे उलटंच वाटतं, त्यांना सवय असते चुका खोडरबरने खोडायची, व्हाइटनर लावायची.

डाव्या पानावर काय लिहायचं यावरही भांडण होतं. पहिल्या रविवारी निम्मी मुलं लिहितात कलेक्टर व्हायचंय, इस्रोत जायचंय, एकीने लिहिलं होतं नोबेल. छान आहे, होऊ दे, पण ते वहीत नाही घ्यायचं. वहीत घ्यायचं ते असं की दिवाळीपर्यंत मला काय करता येईल जे आज करता येत नाही. "भूमिती पक्की करणे" असं लिहिलेलं मी परत पाठवते. पक्की म्हणजे काय? कुणाला कशी कळणार? मग तो पोरगा डोकं खाजवत येतो आणि लिहितो, वर्तुळावरचं कोणतंही प्रमेय पुस्तक न बघता बहिणीला समजावून सांगता येईल. आता बरं. बहिणीला समजलं की नाही हे बहीण सांगेल, मी कशाला पाहिजे?

आता त्या मुलीबद्दल सांगते जिच्यामुळे हा लेख लिहायला बसले. सातवीत आली माझ्याकडे, सांगलीच्याच गावभागातली. नाव नाही सांगत, ती हे वाचेल आणि रविवारी हिशोब मागेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली तेव्हा ही अगदी लहान होती, घरात पाणी शिरलं, आणि तिच्या डोक्यात बसलंय ते पाणी नाही, तिच्या डोक्यात बसलाय मोठ्यांचा गोंधळ. सामान आता उचलायचं की सकाळी? गाद्या माळ्यावर टाकायच्या की निघायचंच? कुणी म्हणतंय कोयना धरणातून सोडलेलं पाणी उद्या येणार, कुणी म्हणतंय आलं पण. तर हिने पहिल्या रविवारी डाव्या पानावर लिहिलं, "पूर कधी येणार हे आधी सांगता आलं पाहिजे."

आता याला काय म्हणायचं? मोठमोठी खाती यावर काम करतात. पण नाही कसं म्हणणार, हे तिचं स्वतःचं होतं, कुठल्या परीक्षेच्या सिलॅबसमधून आलेलं नव्हतं. मी एवढंच विचारलं की पावसाळा संपेपर्यंत यातलं काय जमेल. मुदत मी घालून दिली नाही, जून ते सप्टेंबर ही मुदत नदीचीच होती, सप्टेंबरनंतर आकडे मिळणार कुठून? ती आठवडाभर विचार करून आली आणि मोठं वाक्य खोडून खाली लिहिलं, "कोयनेतून सोडलेलं पाणी आयर्विन पुलाला किती तासात येतं ते काढणे." एवढ्या स्पष्ट भाषेत मोठी माणसं आपलं काम लिहीत नाहीत.

आकडे ती रोज पेपरमधून आणि पाटबंधारेच्या बातम्यांमधून घ्यायची आणि लिहायची कुठे, तर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा बघितलं. तारखेच्या चौकोनात आईचा दुधाचा हिशोब, दीड, दीड, दोन, खाडा, आणि त्याच चौकोनात खालच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने पुलाची पातळी फुटात आणि कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. आईने दुधाचे आकडे निळ्या पेनने लिहायला सुरुवात केली होती, दोघींचे मिसळू नयेत म्हणून. 40 फूट इशारा पातळी आणि 45 धोका पातळी, या दोन आकड्यांना तिने भिंतीवरच रेघा मारलेल्या, त्यावरून घरात काय बोलणी बसली असतील ती असोत.

तिच्या उजव्या पानांवरचं थोडं सांगते. पहिलं अडलं ते टीएमसी आणि क्युसेक यात. पेपरात धरणाचा साठा टीएमसीत आणि विसर्ग क्युसेकमध्ये, दोन्ही एकत्र कसं मोजायचं? मी सांगितलं नाही. तिने एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट हे शोधलं, दिवसाच्या 86,400 सेकंदांनी भागलं आणि लिहिलं, साडेअकरा हजार क्युसेकने अख्खा दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. मग तिच्याच लक्षात आलं की पायथा विद्युतगृहातून जे 2,100 क्युसेक सोडतात त्याने एक टीएमसी जायला साडेपाच दिवस लागतील, आणि धरण आहे 105 टीएमसीचं. पानाच्या कडेला लिहिलंय, "म्हणजे 2,100 ला घाबरायचं नाही." आजीला जाऊन सांगितलं म्हणे.

पुढचं अडणं जास्त भारी होतं. धरणाचा साठा कमी होतोय, पण तेवढं पाणी नदीत दिसत नाही. हिशोब जुळेना. दोन रविवार हाच घोळ, तिला वाटलं पेपरवाले चुकीचं छापतात, पेपरला पत्र लिहायला निघाली होती. शेवटी कळलं की कोयनेचं विजेसाठीचं बरंच पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे पोफळीला जातं आणि तिथून वाशिष्ठीत, चिपळूणकडे. ते सांगलीला येतच नाही! हे मला माहीत होतं. दोन आठवडे तोंड दाबून बसणं सोपं नव्हतं, सांगून टाकायला जीभ वळवळत होती. पण तिचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही ज्या रविवारी ती नकाशा घेऊन आली.

आणि मग जुलैत एक दिवस कोयनेचे सहाही दरवाजे बंद, तरी पुलाला पाणी दोन फूट वाढलं. उजव्या पानावर एकच शब्द, "का???" तीन प्रश्नचिन्हं. तिथून धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी ही सगळी धरणं आली, मग लक्षात आलं की धरणांच्या खाली पडणारा पाऊस कुणी अडवतच नाही, तो थेट नदीत येतो. मग वारणा. ही नदी तर कृष्णेला हरिपूरला मिळते, म्हणजे आयर्विन पुलाच्या खालच्या बाजूला, मग तिला पूर आला तर पुलाजवळ पाणी का तुंबतं? फुगवटा, म्हणजे पुढे वाट न मिळाल्याने पाणी मागे तुंबणं, हे तिने मोरीत बादलीने पाणी ओतून, जाळीवर पाय ठेवून करून बघितलं, आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून मोठी माणसं वर्षानुवर्षं जे भांडतात ते नक्की काय आहे हे तिला तेव्हा कळलं असं म्हणाली. बाजू अजून तिने घेतलेली नाही, आकडे कमी आहेत म्हणे.

सप्टेंबर संपला तेव्हा "किती तासात" याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. म्हणजे एक आकडा नव्हता. नदी आधीच भरलेली असली तर वेगळा, कोरडी असली तर वेगळा, मधे पाऊस असला तर काहीच सांगता येत नाही. एक्सेलच्या हिशोबाने हे लाल. मी तिला विचारलं, झालं का तुझं काम? ती म्हणाली, "नाही झालं, पण प्रश्न चुकीचा होता मॅडम. किती तासात असं विचारायचंच नाही, कुणाकुणाचं पाणी येतंय ते विचारायचं." आणि डाव्या पानावर पुढच्या पावसाळ्यासाठी नवीन वाक्य लिहून टाकलं. मी तिला काही शिकवलं नाही या चार महिन्यात, भागाकार तिला येत होता.

याच सुमारास तिचे वडील भेटले, त्यांनी विचारलं, मॅडम, याचा होमी भाभाला उपयोग होतो का? प्रश्न चुकीचा नाही, त्यांना मुलीचं भलंच करायचंय. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मला स्वतःला आवडते, लेखीनंतर प्रात्यक्षिक असतं, मग कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत, नुसत्या गोळे रंगवण्यापेक्षा कितीतरी बरी. सहावी आणि नववीला देता येते. पण मी त्यांना म्हटलं, अहो दादा, तिला ठरवू दे. स्पर्धेचा विषय तिकडून येतो, हा विषय तिच्या घरातून आलाय. दोन्ही करता येतील, पण हा विषय त्या स्पर्धेसाठी कापून शिवायला घेतला की तिचा राहणार नाही. ते हो म्हणाले, पटलं की नाही माहीत नाही.

सगळ्यांचं असं होत नाही हेही सांगायला पाहिजे. हुशार मुलांचा दुसरा रोग म्हणजे सगळंच आवडणं. एक सहावीतला महाशय आहे, जूनमध्ये कानडी लिपी, जुलैत ओरिगामी, गणपतीत पायथन, दसऱ्याला परत काहीतरी ताऱ्यांचं. आईचं म्हणणं, मॅडम, याला एका जागी बसवा. मी बसवत नाही. आमच्याकडे सोडायला परवानगी आहे, फक्त सोडताना अर्धं पान लिहायचं की का सोडतोय. खरं लिहायचं. "कंटाळा आला" चालतं, पण कशाचा आला ते लिहायचं. त्याची ही सोडल्याची पानं मी एकदा सलग वाचली आणि गंमत कळली, प्रत्येक गोष्ट त्याने बरोबर तिथे सोडली होती जिथे रोज तेच तेच करायला लागतं, जोडाक्षरं पाठ करणं, एकच घडी दहा वेळा घालणं. मी हे त्याला सांगितलं नाही, पानं त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं वाच. वाचून म्हणाला, "बापरे." सध्या कानडीवर परत आलाय, घराजवळच्या ट्रकांच्या पाट्या वाचतो, किती दिवस टिकेल देव जाणे.

आणि त्या हिरव्या शीटवाल्या मुलाचं? त्याला मी आरएमओचा एक जुना प्रश्न दिला आणि सांगितलं, हा सुटला पाहिजे अशी अट नाही, तीन दिवस रोज अर्धा तास याच्यासमोर बसायचं आणि काय काय करून बघितलं ते उजव्या पानावर लिहायचं. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, "अकरा मिनिटं बसलो. रडायला आलं." मी तिथे बरोबरची खूण केली. वडिलांना फोन करून एवढंच म्हटलं की शीट तुम्ही तुमच्या कामासाठी ठेवा, याची वही बघू नका, तीन महिने द्या मला. त्यांनी दिले, याचं श्रेय त्यांनाच, सोपं नसतं ते. मुलगा आता पंचवीस-तीस मिनिटं बसतो. ऑलिम्पियाडला बसणार का? विचारलं नाही मी. मधे त्याने आपणहून डाव्या पानावर लिहिलं की मला असा एक प्रश्न तयार करायचाय जो मॅडमना सुटणार नाही. अजून जमलेलं नाही त्याला, पण मागच्या वेळचा मला सोडवायला मंगळवार उजाडला होता.

जूनमध्ये नवीन मुलं घेणार आहे. फोन करून लोक विचारतात एन्ट्रन्स आहे का, किती टक्के पाहिजेत. काही नाही, दोनशे पानी वही आणि पेन्सिल, खोडरबर घरी ठेवून या. पालकांनी मुलांना सोडायचं आणि जायचं, तासभर चौकात चहा प्यायचा. परत न्यायला आलात की "आज काय झालं" असं विचारू नका, विचारायचंच असेल तर विचारा, आज कुठे अडलं? आणि उत्तर आलं तर मदतीला धावू नका.